फोल्डर उघडायला २२ सेकंद! कॉम्प्युटर म्हातारा झालाय की माझंच काही चुकतंय?

पाकोळी

नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप आहे, विंडोज १०. विंडोज एका छोट्या एसएसडीवर (म्हणजे तबकड्या नसलेली वेगवान डिस्क), आणि फोटो वगैरे सगळं एका जुन्या २ टीबीच्या हार्ड डिस्कवर. गेले काही महिने पिवळ्या फोल्डरवर क्लिक केलं की खिडकी उघडते, पण आत काहीच नाही. वर ॲड्रेस बारमध्ये ती हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत राहते, आणि मग अचानक सगळं दिसतं. एकदा दिसलं की पुढचं ठीक चालतं. परत तासाभराने उघडलं की पुन्हा तेच रडगाणं.

गंमत म्हणजे ब्राउझर झकास पळतो. मुलीचा गेमही पळतो. फक्त फाइली बघायच्या म्हटल्या की याचा जीव जातो. 'सेव्ह ॲज' केलं की ती छोटी खिडकीसुद्धा तशीच अडकते, मग प्रोग्रॅम कुठलाही असो.

रीस्टार्ट करून झालं. एक क्लीनर चालवला, त्याने ४ जीबी कचरा काढला म्हणे. फरक शून्य. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सरळसोट

फॉरमॅट मारा. दोन तासांचं काम, आणि डोक्याला ताप नाही. मी दर वर्षी मारतो.

डॉसकालीन

सरळसोट, दर वर्षी मारावं लागतंय यातच सगळं आलं की! :)

पाकोळी, आधी एक सोपी गोष्ट करून बघा. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे ती काळी खिडकी, उघडा आणि फोटोंच्या डिस्कवर जाऊन 'डी आय आर' अशी आज्ञा द्या. तिथे यादी झरझर उतरली तर डिस्क वाचली जातेय आणि घोळ एक्स्प्लोररच्या, म्हणजे फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाजूला आहे. तिथेही अडकलं तर घोळ खाली, डिस्कमध्येच. यात काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि काही बिघडतही नाही.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), १९९० च्या विंडोज ३.० मधला 'फाइल मॅनेजर' आठवतोय का कुणाला? मायक्रोसॉफ्टने २०१८ साली त्याचा सोर्स कोड खुला केला. मी हौसेने आजच्या मशीनवर चालवतो. दिसायला आजोबा, पण उघडतो पापणी लवायच्या आत.

पेंग्विन

लिनक्स टाका.

पेंग्विन

बरं बरं, मारू नका. खरं उत्तर लिहितो. पाकोळीताई, घड्याळ घेऊन मोजा. 'खूप वेळ' म्हणजे नक्की किती सेकंद? आणि पाच वेळा मोजलं तर पाचही वेळा तेवढेच येतात का?

पाकोळी

डॉसकालीन, काळ्या खिडकीत यादी भसाभस उतरली. म्हणजे डिस्क ठीक?

पेंग्विन, शीर्षकातले २२ हे मी मनात मोजले होते. आता फोनच्या स्टॉपवॉचने मोजले: २२, २१, २२, २२, २१. मलाच आश्चर्य वाटलं.

घुबड (रात्री १:१०)

मोजल्याबद्दल शाबासकी. पेंग्विनने अगदी नेमका प्रश्न विचारला.

हे २१-२२ सेकंद संशयास्पद आहेत ते लांबीमुळे नाही, एकसारखेपणामुळे. कॉम्प्युटर खरंच काही काम करत असतो तेव्हा वेळ कमीजास्त होतो. हजार फोटो असले तर जास्त, दहा असले तर कमी. दुसऱ्यांदा उघडलं तर आधीचं थोडंफार लक्षात असतं म्हणून आणखी कमी. तुमच्याकडे पाचही वेळा आकडा तोच येतोय. याचा अर्थ मशीन काम करत नाहीये, कुणाची तरी वाट बघतंय, आणि किती वेळ बघायची ते आधीच ठरलेलं आहे.

आणि २१ हा आकडा तर ओळखीचाच. विंडोज नेटवर्कवरच्या एखाद्या मशीनला हाक मारतं तेव्हा जुन्या ठरलेल्या हिशेबाने पहिली हाक मारून ३ सेकंद थांबतं, उत्तर नाही आलं तर दुसरी मारून ६, तिसरी मारून १२, आणि मग नाद सोडतं. तीन, सहा, बारा. बेरीज करा.

दोन गोष्टी करून सांगा:

पहिली, टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सचं पान समोर ठेवा आणि मग फोल्डर उघडा. हिरवी पट्टी सरकत असताना प्रोसेसर आणि डिस्कचे आकडे काय दाखवतात?

दुसरी, वायफाय बंद करा, केबल असेल तर उपटा, आणि परत उघडून बघा.

सरळसोट

फाइली डिस्कवर आहेत, वायफायचा काय संबंध? उगाच भरकटवू नका बाईंना. रॅम किती आहे ते विचारा आधी.

पाकोळी

घुबडराव!!! वायफाय बंद केलं आणि फोल्डर टचकन उघडला. चालू केलं, पुन्हा २२. बंद, टचकन. मी वेड्यासारखं सहा वेळा केलं.

टास्क मॅनेजरमध्ये वाट बघताना प्रोसेसर ३ टक्के, दोन्ही डिस्क ०. सगळे झोपलेले.

पण सरळसोट विचारतायत तेच माझ्याही मनात आलं. माझे फोटो तर याच डब्यात आहेत ना?

रॅम ८ जीबी आहे.

घुबड

फोटो डब्यातच आहेत, पण एक्स्प्लोरर उघडताना नुसता तो एक फोल्डर दाखवत नाही. डावीकडची सगळी यादी भरतो, प्रत्येक ड्राइव्हला 'जागा किती शिल्लक' विचारतो, पिन केलेले फोल्डर अजून जागेवर आहेत का बघतो. त्या यादीतला एक जरी या जगात उरला नसेल तरी त्याच्या उत्तरासाठी खोळंबा होतो. 'सेव्ह ॲज'ची खिडकी आतून एक्स्प्लोररचीच असते, म्हणून तीही अडकते. वायफाय बंद असताना मात्र हाक मारायला रस्ताच नाही हे विंडोजला लगेच कळतं, म्हणून ते वाट बघत नाही.

'धिस पीसी'मध्ये लाल फुलीचा एखादा ड्राइव्ह दिसतोय का?

पाकोळी

आहे. झेड नावाचा. जुन्या राउटरला मागे एक यूएसबी डिस्क लावली होती, सगळ्यांना घरभर सिनेमे बघता यावेत म्हणून. तो राउटर वीज कडाडली तेव्हा गेला. नवीन राउटरला यूएसबीचं भोकच नाही.

लाल फुली मी रोज बघत होते. मला वाटायचं, फुली म्हणजे बंद, आणि बंद असलेली गोष्ट काय त्रास देणार?

काळजीवाहू

बंद असलेल्या गोष्टीच जास्त त्रास देतात. माझा डोअरबेल विचारा.

घुबड

झेडवर राइट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' म्हणा.

आणि नवीन राउटरने घरातल्या पत्त्यांचा पट्टा बदलला असेल, उदाहरणार्थ आधी १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते होते आणि आता १९२.१६८.० ने, तर दुखणं आणखी पक्कं. पत्ता घरातला असता तर 'असं इथे कुणी राहत नाही' हे त्यातल्या त्यात लवकर कळलं असतं. आता विंडोजला तो पत्ता घराबाहेरचा वाटतो, ते हाक राउटरकडे देतं, राउटर ती बाहेर भिरकावतो आणि कुणीच 'ओ' देत नाही.

तळ्यातमळ्यात

धागा पळवतोय, आधीच माफी मागतो. माझा एक्स्प्लोरर झटकन उघडतो, पण राइट क्लिक केलं की मेनू यायला पाच-सहा सेकंद. हाही नेटवर्कचाच प्रकार का?

डॉसकालीन

शक्य आहे, पण राइट क्लिकसाठी नेहमीचा संशयित वेगळा. झिप उघडणारा प्रोग्रॅम, अँटिव्हायरस, क्लाउडवर फाइली चढवणारा प्रोग्रॅम, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, असे सगळे त्या मेनूत आपली एकेक ओळ घुसवतात. त्यांना शेल एक्स्टेन्शन म्हणतात. मेनू दाखवण्याआधी एक्स्प्लोरर प्रत्येकाला विचारतो की बाबा, तुझी ओळ काय. एक जरी लटकला तरी मेनू लटकतो.

नीरसॉफ्टचं 'शेलएक्सव्ह्यू' नावाचं छोटं फुकट साधन आहे. त्यात मायक्रोसॉफ्टची सोडून बाकी एक्स्टेन्शन गुलाबी रंगात दिसतात. फक्त गुलाबींना हात लावा. निम्मी बंद करा, टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्स्प्लोरर रीस्टार्ट करा, राइट क्लिक करून बघा. सुधारलं तर चोर त्या निम्म्यांत. मग त्यांच्यातली निम्मी. तीस असली तरी पाच फेऱ्यांत सापडतो. बंद केलेलं परत चालू करता येतं, त्यामुळे भीती नाही.

तळ्यातमळ्यात

रात्री करून बघतो. आभारी आहे.

पाकोळी

झेड काढला. फोल्डर उघडायला आता सेकंदसुद्धा लागत नाही! घुबडराव, पेंग्विनराव, तुम्हा दोघांच्या तोंडात साखर.

पण (आहेच पण) दोन गोष्टी उरल्यात. 'सेव्ह ॲज' अजून कधीकधी २१ सेकंद घेतं. आणि सकाळी पहिल्यांदा फोल्डर उघडला की आठ-नऊ सेकंद, नंतर नाही.

पेंग्विन

'सेव्ह ॲज'चा २१ म्हणजे झेडचं भूत अजून कुठेतरी आहे. एक्स्प्लोररच्या डाव्या यादीत वर असतं त्या क्विक ॲक्सेसमध्ये पिन केलेला फोल्डर, डेस्कटॉपवरचा शॉर्टकट, लायब्ररीत जोडलेली जागा, हे सगळं बघा. शॉर्टकटचं नुसतं चित्र दाखवायलासुद्धा तो समोरच्या जागेवर डोकावून बघतो.

आमच्या लिनक्सवरही हे भोग आहेत, उगाच शहाणपणा मिरवत नाही. नॉटिलस आणि थुनार हे आमचे एक्स्प्लोरर. नॉटिलसच्या डाव्या यादीत मेलेल्या सर्व्हरचा बुकमार्क राहिला की तोही असाच रुसतो. आणि थुनार पहिल्यांदा उघडताना नेटवर्क धुंडाळत बसतो ते तर जुनंच दुखणं. आमचा लाडका आकडा २१ नाही, २५. प्रोग्रॅम एकमेकांशी डी-बसवरून बोलतात, तिथे उत्तराची वाट बघायची मुदत ठरवून दिली नसेल तर ती २५ सेकंदांची असते. लिनक्सवर कुठलीही खिडकी बरोबर २५ सेकंद अडकली की मी डिस्ककडे बघतसुद्धा नाही.

घुबड

सकाळचे आठ-नऊ सेकंद मात्र वेगळे. त्या वेळी कान द्या. डब्यातून घुर्र असा आवाज चढत जातो का?

पाकोळी

येतो! मला वाटायचं पंखा.

आणि भूत सापडलं, दोन ठिकाणी. क्विक ॲक्सेसमध्ये 'सिनेमे' पिन केलेलं होतं, आणि डेस्कटॉपवर मुलीने केलेला एक शॉर्टकट. दोन्ही काढले.

घुबड

तो आवाज म्हणजे हार्ड डिस्क झोपेतून उठतेय. तबकड्या स्थिर असतात, त्यांना पुऱ्या वेगात यायला काही सेकंद लागतात. पॉवर ऑप्शनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'इतक्या मिनिटांनी हार्ड डिस्क बंद करा' असं असतं, बहुधा २० मिनिटं. तिथे ० टाकलंत की कधीच झोपणार नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर राहू दिलं असतं. दिवसातून एकदा नऊ सेकंद घेते, घेऊ द्या बिचारीला.

सरळसोट

मानलं बुवा. पण एवढं सगळं शोधण्यापेक्षा फॉरमॅट मारल्यावर झेड आपोआप गेलाच असता की नाही?

पाकोळी

सरळसोट, झेड गेला असता आणि त्याच्यासोबत सगळे प्रोग्रॅम, पासवर्ड आणि प्रिंटरपण. प्रिंटर परत जोडायला मला मागच्या वेळी एक रविवार लागला होता. :)

आता शेवटचं. हे आधीपासून होतं, पण २२ सेकंदांच्या गोंधळात मी वेगळं धरलं नव्हतं. 'सगळे फोटो' नावाच्या फोल्डरात साधारण १८,००० फोटो आहेत. तो उघडायला कधी ४० सेकंद, कधी दीड मिनिट. वायफाय बंद करून पाहिलं, फरक नाही.

घुबड

आकडा हलतोय आणि नेटवर्कचा संबंध नाही, म्हणजे या वेळी खरंच काम चाललंय. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ. तिथे 'हा फोल्डर कशासाठी' या ठिकाणी पिक्चर्स असेल. ते बदलून 'जनरल आयटम्स' करा.

कारण सांगतो. पिक्चर्स असलं की यादीत 'डेट' नावाचा रकाना येतो. ती फोटो काढल्याची तारीख, आणि ती फाइलीच्या पोटात लिहिलेली असते. तिच्यावर क्रम लावायचा तर प्रत्येक फोटो उघडून आत बघावं लागतं. 'डेट मॉडिफाइड' मात्र फाइल न उघडता मिळते, डिस्कच्या नोंदवहीतच असते. अठरा हजार पुस्तकांची पहिली पानं उघडून बघायची, की ग्रंथालयाची नोंदवही चाळायची, एवढा फरक आहे. डॉसकालीनांच्या काळ्या खिडकीत भसाभस यादी आली ती याच कारणाने. तिने फक्त नोंदवही वाचली.

म्हणून 'डिस्क ठीक?' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, हे जाता जाता सांगतो.

काळजीवाहू

+१. मी सुरुवातीपासून हेच म्हणणार होतो, पण इथे सगळे हुशारीने बोलत होते म्हणून गप्प बसलो. डिस्क जुनी आहे आणि तीवर घरादाराचे फोटो आहेत. डिस्कची तब्येत दाखवणारा 'क्रिस्टलडिस्कइन्फो' टाका आणि काय रंग दाखवतो ते सांगा. निळा की पिवळा?

पाकोळी

'जनरल आयटम्स' केलं. यादी आता चार सेकंदांत येते.

पण खाली स्क्रोल करताना मधल्या एका वर्षाचे फोटो आले की सगळं गोठतं. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, पण वाचण्याचा वेग फक्त काही केबी, आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' ३,००० मिलिसेकंदांच्या वर.

आणि हो, रंग पिवळा. 'कॉशन' लिहिलंय. सी५ च्या ओळीत शेवटी १०, बाकी ०५ ला शून्य, सी७ ला शून्य. हे काय आहे?

काळजीवाहू

हात थांबवा. स्क्रोल करणंही थांबवा.

सी५ म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे छोटे तुकडे. आणि ते १० दहा नाहीत, त्या साधनात शेवटचा रकाना सोळाच्या पायावर असतो, म्हणजे सोळा. सी७ वाढलेला असता तर मी म्हटलं असतं केबल बदला, तो आकडा केबलमधल्या चुका मोजतो. तो शून्य आहे, म्हणजे केबल निर्दोष. दुखणं तबकडीवरच आहे. १०० टक्के व्यस्त आणि वेग नगण्य हे त्याच दुखण्याचं लक्षण. डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा घासून वाचायचा प्रयत्न करतेय.

आधी कॉपी. दुसऱ्या डिस्कवर, आज.

डॉसकालीन

आणि कुणी 'चेकडिस्क' चालवा म्हणेल, ते आत्ता नाही. खराब जागा शोधायला लावलं की तो अख्खी डिस्क पिंजून काढतो. आजारी डिस्कला एवढा व्यायाम कॉपी झाल्यानंतर, खरं तर कधीच नको.

कॉपीसाठी माऊसने ओढू नका, एका खराब फाइलीपाशी सगळं अडून बसेल. विंडोजमध्येच 'रोबोकॉपी' आहे. फक्त एक मेख आहे. काही सांगितलं नाही तर तो न वाचता आलेल्या फाइलीचा १० लाख वेळा फेरप्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब केलात तर एका फाइलीपाशी साडेअकरा महिने होतात. म्हणून आज्ञेच्या शेवटी तिरपी रेघ, आर, अपूर्णविराम, १ आणि पुढे तिरपी रेघ, डब्ल्यू, अपूर्णविराम, १ असं लिहा. म्हणजे एकदाच फेरप्रयत्न, एकच सेकंद थांबून, आणि पुढे चला. उपफोल्डरांसाठी तिरपी रेघ आणि ई. काय काय राहिलं ते शेवटी दिसतं.

आधी जे परत मिळणार नाही ते. सिनेमे शेवटी.

सरळसोट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

तळ्यातमळ्यात

पाकोळीताई, तुमच्या ताणात भर नको, पण माझं सुटलं म्हणून सांगतो. चौथ्या फेरीत चोर सापडला. एक झिप उघडणारा प्रोग्रॅम मी केव्हाच काढून टाकला होता, पण त्याची मेनूतली ओळ मागेच राहिली होती आणि ती नसलेली फाइल शोधत बसायची. बंद केली. राइट क्लिक आता बोट उचलायच्या आत.

पाकोळी (चार दिवसांनी)

कॉपी झाली. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं होतं. १८,००० पैकी तीन फोटो गेले. दोन दुसऱ्या फोल्डरात मिळाले, तिसऱ्यात काय होतं ते नावावरून आठवत नाहीये, आणि तेच जास्त छळतंय.

फोटो आता नवीन एसएसडीवर आहेत, आणि दुसरी प्रत एका एक्स्टर्नल डिस्कवर. ती काम झालं की काढून कपाटात ठेवते. धिस पीसी, सेव्ह ॲज, सगळे फोटो, तिन्ही लगेच उघडतात. घुर्र आवाज गेला, त्याची थोडी आठवण येते.

काळजीवाहू

जुनी डिस्क कुठाय? टाकली नाहीत ना तशीच?

पाकोळी

ड्रॉवरमध्ये. चिकटपट्टी लावून वर 'वापरू नये' लिहिलंय. मुलीने खाली 'भूत' लिहिलं.

घुबड (रात्री १२:५०)

छान. जुन्या डिस्कवरचे फोल्डर क्विक ॲक्सेसमधून काढलेत का?

पाकोळी

...

आत्ता काढते.

घुबड

सावकाश काढा. डब्यातली डिस्क नसली तर विंडोजला ते लगेच कळतं, ते २१ सेकंद वाट बघत नाही. मी सहज विचारलं.